सकाळी निघून संध्याकाळी घरी : स्वित्झर्लंडमधल्या आमच्या छोट्या सहली

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या स्नेहसंमेलनातील भाषण)



सांस्कृतिक समितीने मला वीस मिनिटे दिली आहेत. छत्तीस वर्षे बँकेत काढली आणि त्यानंतर आठ वर्षे या सोसायटीचा खजिनदार होतो. त्यामुळे दिलेल्या मर्यादेत बसवायची सवय आहे. तरीही ओव्हरड्राफ्ट झाला तर सचिवांनी घंटा वाजवावी.

विषय आहे स्वित्झर्लंड. लगेच तुमच्या डोळ्यांसमोर बर्फ आला असेल, आणि पिवळ्या साडीतली नटीसुद्धा! आम्ही ते काही पाहिले नाही. युंगफ्राऊ नाही, टिटलिस नाही. २०२४ च्या मे-जूनमध्ये आम्ही दोघे लेकीकडे सात आठवडे राहिलो. ती झुरिकजवळ विंटरथूर नावाच्या गावी असते. लेक-जावई नोकरीवर, नात शाळेत. मग आम्ही दोघे सकाळी डबा भरून निघायचो आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत घरी. त्या एका दिवसाच्या सहलींबद्दल आज बोलतो.

आधी एक गोष्ट सांगायला हवी. तुम्हाला बहुतेकांना ती माहीत आहेच. २०२२ साली आमच्या हिला अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला. बोलणे, आठवण, आणि माझ्या चुका काढणे, सगळे शाबूत आहे. डावा पाय मात्र रुसला. सपाटीवर काठी घेऊन थोडे चालते, लांब जायचे तर चाकाची खुर्ची. पायऱ्या अजिबात नाहीत. लेकीने "या" म्हटल्यावर हिचे पहिले वाक्य होते, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते." हे वाक्य लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

विमानतळावर खुर्ची मिळते, त्यामुळे पोहोचलो. पहिला आठवडा मी एकटाच फिरलो. एके दिवशी नात म्हणाली, "आजोबा, आजीला का नेत नाही? गाडीला तर पायरीच नसते." तिने स्टेशनवर नेऊन दाखवले. डब्याच्या दारावर खुर्चीचे चित्र, आणि फलाट व डबा एका पातळीत. खुर्ची सरळ आत गेली. आपल्या डोंबिवली स्टेशनात आपण कसे चढतो ते आठवून मी नुसता बघत राहिलो.

सगळीकडे तसे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. अपंगांना समान वागणूक मिळावी असा कायदा तिथे २००४ साली लागू झाला आणि स्टेशने, गाड्या सुधारायला २०२३ अखेरपर्यंत वीस वर्षांची मुदत दिली गेली. तेवढ्यात सगळी स्टेशने झाली नाहीत, तिथेही काम रखडते. पण ज्या स्टेशनात सोय नाही तिथे आधी कळवले, तर मदतीला माणूस येतो. आणि मुख्य म्हणजे, रखडले तर लोक विचारतात, का रखडले?

पहिली सहल ऱ्हाईन नदीच्या धबधब्याची. विंटरथूरहून जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. नॉयहाउजन गावात धबधब्याच्या वरच स्टेशन आहे, तिथून लिफ्टने खाली. उंची म्हणाल तर फक्त २३ मीटर. साताऱ्याच्या ठोसेघरपुढे काहीच नाही. पण रुंदी दीडशे मीटर! आल्प्सचे बर्फ वितळून उन्हाळ्यात सेकंदाला सरासरी सहाशे घनमीटर पाणी पडते. म्हणजे सहा लाख लिटर. आपल्या गच्चीवरची टाकी वीस हजार लिटरची. अशा तीस टाक्या दर सेकंदाला. आकडे सोडून बोलता येत नाही, क्षमा करा. मध्यभागी एक उंच खडक उभा आहे, होड्या तिथपर्यंत जातात. आम्ही काठावरच बसलो. तुषार अंगावर येत होते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. ही म्हणाली, "आज किती दिवसांनी बाहेर जेवतेय." हॉटेलात जेवतो असे तिला म्हणायचे नव्हते.

तिथूनच पुढे श्टाइन आम ऱ्हाइन नावाचे जुने गाव. चौकातल्या घरांच्या भिंती पूर्ण चितारलेल्या, काही चित्रे तर सोळाव्या शतकातली. आपल्या चित्रकथीसारखे भिंतीच गोष्ट सांगतात. दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड तटस्थ होता, पण २२ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकन विमानांनी चुकून या गावावर बॉम्ब टाकले आणि माणसे दगावली. पडलेला भाग गावाने पुन्हा उभा केला. हे गाव सुंदर, पण चौक सगळा दगडी. खुर्चीची चाके दगडांत अडकतात आणि बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होतात. ही म्हणाली, "बैलगाडीतून माहेरी जातेय असं वाटतंय." तिकडे जाणाऱ्यांनी जाड चाकांची खुर्ची न्यावी.

दुसरी सहल रापर्सविलची. झुरिकच्या सरोवराकाठी हे गाव, वर किल्ला, खाली गुलाबांच्या बागा. किल्ला आम्ही खालूनच पाहिला. आमचे लक्ष्य होते लाकडी पूल. १३५८ च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या ड्यूक रुडॉल्फने इथे सरोवर ओलांडणारा लाकडी पूल बांधला. आइनझीडेल्न या तीर्थक्षेत्राला चालत जाणाऱ्या यात्रेकरूंची ती वाट. तो पूल पुढे गेला. २००१ साली त्याच रेषेत पुन्हा लाकडी पायपूल बांधला, लांबी ८४१ मीटर. दोन्ही बाजूंना पाणी, पाणकोंबड्या, लांबवर डोंगर, आणि पायाखाली फळ्या. पूर्ण सपाट.

मी खुर्ची ढकलत होतो. बरेच अंतर गेल्यावर ही म्हणाली, "थांबा." मला वाटले काही होतेय. तिने ब्रेक लावला, कठडा धरला आणि उभी राहिली. "यात्रेची वाट आहे ना? मग थोडी तरी चालते." एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. मागे मी रिकामी खुर्ची घेऊन. शेवटचे दोनेकशे मीटर ती चालली. दोन वर्षांत एवढी चालली नव्हती. एक जर्मन बोलणारे जोडपे मागून येत होते, ते पुढे गेले नाही. आमच्या मागे आमच्या चालीने येत राहिले.

पलीकडे हुर्डेनला गाडी पकडून आइनझीडेल्नला गेलो. तिथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, ९३४ साली स्थापन झालेला. आतली छोटी देवळी आणि त्यातली मेरीमातेची मूर्ती काळी आहे. शतकानुशतके मेणबत्त्यांच्या काजळीने काळी झाली आणि पुढे लोकांना तीच सवयीची झाली म्हणून काळीच ठेवली. तिला भरजरी वस्त्रे नेसवतात, प्रसंगानुसार बदलतात. आमच्या हिने हात जोडले. मी म्हटले, "अगं, हे चर्च आहे." तर म्हणाली, "काळी आहे, वाट चालून लोक येतात, वस्त्रं बदलतात. मला वेगळं काय वाटायचं?" पंढरपूरच्या वाटेवर वाढलेल्या बाईशी वाद घालू नये. मठासमोर एक कारंजे आहे, त्याला चौदा तोट्या. यात्रेकरू प्रत्येक तोटीचे पाणी पितात. आम्ही दोन-तीन तोट्यांवर थांबलो, कारण स्वच्छतागृह लांब होते. वयाचा विचार करावा लागतो.

आता थोडे व्यवहाराचे, कारण उद्या तुमच्यापैकी कोणी जाईल. महिनाभर राहणार असाल तर निम्म्या भाड्याचे कार्ड घ्या, तेवढ्या फेऱ्यांत ते वसूल होते. दिवसभराचा सवलतीचा पासही मिळतो, जितका आधी घ्याल तितका स्वस्त. गावोगावच्या कारंज्यांचे पाणी पिण्याजोगे असते. नसेल तर तशी पाटी असते. आम्ही गेलो तेव्हा, २०२४ मध्ये, एक फ्रँक नव्वद रुपयांच्या पुढे होता, म्हणून सांगतो, डबा घरून न्या. रविवारी दुकाने बंद असतात. आणि गाड्या. १९८२ पासून देशभर ठरलेल्या ठोक्याचे वेळापत्रक आहे. तीच गाडी दर तासाला त्याच मिनिटाला सुटते. त्यामुळे एखादी चुकली तरी जीव टांगणीला लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. गावाबाहेर जिथे पायवाट फुटते तिथे पिवळी पाटी असते. पाटीवर किलोमीटर नसतात, वेळ असते. अमुक गाव ४० मिनिटे, तमुक डोंगर २ तास १० मिनिटे. त्यांची चाळीस मिनिटे म्हणजे आमची दीड तास, तो भाग वेगळा. पिवळी वाट सोपी, पांढरी-लाल-पांढरी खूण असेल तर डोंगराची, आणि पांढरी-निळी-पांढरी दिसली की आपल्या वयाच्या माणसाने मुकाट्याने मागे फिरावे. अशा खुणा केलेल्या वाटा ६५ हजार किलोमीटरच्या वर आहेत. या वाटा सांभाळायच्या असे कलम तिथल्या लोकांनी १९७९ साली मतदान करून राज्यघटनेत घातले. चालायच्या वाटेसाठी घटना बदलली!

आता शेवटची सहल. रुटली.

ल्युसर्नच्या सरोवराचा एक फाटा दक्षिणेकडे डोंगरांत शिरतो. त्याच्या काठावर उतारावर एक कुरण आहे, त्याचे नाव रुटली. आपल्याकडे रायगडाचे जे स्थान, ते तिथे या कुरणाचे. १२९१ साली ऊरी, श्वीझ आणि उंटरवाल्डन या तीन खोऱ्यांतल्या लोकांनी इथे जमून शपथ घेतली, की संकटात एकमेकांच्या मदतीला धावायचे. त्या वर्षीचा करारलेख श्वीझ गावी जपून ठेवलेला आहे. कुरणावरची शपथ मात्र इतिहासापेक्षा आख्यायिका, असे इतिहासकार म्हणतात. लोकांना त्याने फरक पडत नाही. एक ऑगस्टला राष्ट्रीय सण असतो. २५ जुलै १९४० रोजी, फ्रान्स पडल्यावर, देश चारही बाजूंनी वेढलेला असताना जनरल गिसाँ यांनी आपले सेनाधिकारी याच कुरणावर जमवले होते, आपण लढणार आहोत हे सांगायला.

जावयांनी आदल्या रात्री मला एक शब्द समजावला. त्या देशाचे जर्मन नाव आहे श्वाइट्सेरिशे आइडगेनोसेनशाफ्ट. जीभ वळली नाही तर सोडून द्या. 'आइड' म्हणजे शपथ. आणि 'गेनोसेनशाफ्ट' हाच शब्द तिथे सहकारी संस्थेला वापरतात. जावई राहतात ती इमारतही गेनोसेनशाफ्टच, आपल्यासारखी. भागभांडवल, सभा, कपडे धुण्याच्या खोलीवरून भांडणे, सगळे आहे. म्हणजे मंडळी, त्या देशाचे नावच शपथ घेतलेली सोसायटी!

ब्रुन्नेन गावाहून बोटीने निघालो. बोटीवर चढायला फळी टाकतात, खुर्ची सहज गेली. दहा-पंधरा मिनिटांत रुटलीचा धक्का आला. उतरून पाहतो तर कुरण वर, आणि वाट चढाची. खडी अंथरलेली. मी खुर्ची ढकलून पाहिली. दहा पावलांत माझा श्वास फुलला आणि चाके घसरायला लागली. मला ७४ वे चालू होते.

ही म्हणाली, "तुम्ही जाऊन या, मी इथे बसते."

मी गेलो. रमतगमत वर पोहोचलो. काय आहे तिथे? खरे सांगायचे तर काही नाही. गवताचा उतार, ध्वजाचा खांब, जवळ एक जुने लाकडी उपाहारगृह, घंटा बांधलेल्या गाई. खाली हिरवेनिळे पाणी. पुतळा नाही. १८५९ मध्ये इथे हॉटेल व्हायचे घाटत होते. तेव्हा एका लोकोपयोगी संस्थेने वर्गणी काढून ती जागा विकत घेतली. वर्गणीला देशभरच्या शाळकरी मुलांनी आपली नाणी दिली. पुढच्याच वर्षी जागा देशाला देऊन टाकली, ती कधीही विकता येणार नाही अशा अटीवर. तेव्हाची सगळी मुले कधीच गेली. कुरण आहे.

मी बाकावर बसलो आणि खरे म्हणजे मला प्रसन्न वाटायला हवे होते. वाटले नाही. कारण कानात तेच वाक्य होते. हे वाक्य मी घरी दोन वर्षे रोज ऐकत होतो. भाजीला जाताना, लग्नाला जाताना, गणपतीच्या आरतीला खाली येताना. "तुम्ही जाऊन या." आपल्या इमारतीला लिफ्ट आहे, पण गेटपासून लिफ्टपर्यंत सात पायऱ्या आहेत. आणि मला एक अर्ज आठवला.

२०१७ साली बी विंगमधल्या आजींनी सोसायटीला लेखी अर्ज दिला होता. त्या पायऱ्यांशेजारी रॅम्प करावा. जुन्या सभासदांना आठवत असेल. मी खजिनदार होतो. मी शेरा लिहिला, 'निधीअभावी विचार पुढे ढकलावा.' इतिवृत्तात माझी सही आहे. निधी नव्हता का? त्या वर्षी आपण गेटची कमान केली, ग्रॅनाइटची. आजींना दवाखान्यात न्यायचे तर वॉचमन आणि दोन मुले प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून खाली आणायची. त्या तोंडाला पदर लावून बसायच्या. मला तेव्हा वाटायचे, चला, मुले किती चांगली आहेत. त्यांना लाज वाटत असेल हे मनात आले नाही. आज त्या नाहीत. त्यांच्या घरची मंडळी समोर बसली आहेत. त्यांची मी इथे, सर्वांदेखत, माफी मागतो.

मी खाली धक्क्यावर आलो. ही एका स्विस बाईंशी गप्पा मारत होती. ती मराठीतून, त्या जर्मनमधून. हातवारे करून गुडघ्यांची तुलना चालली होती. मला पाहून विचारले, "काय होतं वर?"

म्हटले, "गवत."

"आणि एवढा वेळ?"

मी काही बोललो नाही. बोटीत बसल्यावर सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? सभेत सांगा."

म्हणून आज सांगतो आहे. ही आत्ता खाली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत बसून लाउडस्पीकरवर ऐकते आहे. मुले उचलून आणायला आली होती, तिने नको म्हटले.

तेव्हा आता हिशेब. सहा इंचांच्या सात पायऱ्या म्हणजे ४२ इंच, साडेतीन फूट. रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो. म्हणजे लांबी ४२ फूट. सरळ रेषेत तेवढी जागा नाही, एक वळण घ्यावे लागेल, वळणावर सपाट जागा ठेवावी लागेल, दोन्ही बाजूंना कठडा. त्यात दुचाकींच्या तीन जागा जातात. त्यांतली एक माझी आहे, ती मी सोडतो. उरलेल्या दोघांशी मी बोललो आहे. एक तयार आहेत, दुसरे विचार करून सांगतो म्हणाले. त्यांना घाई करू नये. मलाही सात वर्षे लागली.

खर्चाची दोन कोटेशन्स सचिवांकडे दिली आहेत. दुरुस्ती निधीतून निम्मे निघतात, सिंकिंग फंडाला हात लावावा लागत नाही. उरलेल्याची वर्गणी. येत्या सर्वसाधारण सभेत ठराव मी मांडणार आहे, अनुमोदक हवा आहे. वर्गणीत मुलांनीही आपल्या खाऊच्या पैशातून दहा-दहा रुपये टाकावेत अशी माझी विनंती आहे. रकमेसाठी नाही. पंचवीस वर्षांनी सुवर्णमहोत्सव होईल तेव्हा आपल्यापैकी बरेच जण नसू. तेव्हा या मुलांपैकी कोणीतरी गुडघे धरून त्या रॅम्पवरून जाईल आणि म्हणेल, यात माझे दहा रुपये आहेत.

स्वित्झर्लंडला जमले तर जरूर जा. पण आधी आपल्या गेटपर्यंतची सहल सगळ्यांना जमू द्या.

सचिवांनी घंटा वाजवलेली नाही, म्हणजे वेळेत बसलो. आणि वर गॅलरीत बसलेल्या मंडळींना सांगतो, मी सभेत सांगितले.